नदीत सोडलेला जबडा

सारिके,

नावाआधी चिरंजीव लिवायची रीत हाय, पण हात धजला न्हाई.

तुझं ते जाडजूड पुस्तक तुझ्या मैत्रिणीनं काल पुण्याहनं आणून दिलं. दगड झालेल्या जुन्या जनावरांच्या हाडांचं. मला इंग्रजी येत न्हाई, म्हणून चित्रंच बघितली. दातांवरनं जनावरांच्या जाती लावल्यात. आपुन तरी दुसरं काय करतो? मेंढीचा व्हट वर करून दात बघितल्याबिगर तिचं वय सांगत न्हाई.

एका जबड्याच्या चित्राला तू पेन्सिलीनं खूण केलीयास. तसलाच जबडा तू दिवाळीत घरी आणला हुतास. मेलेल्या जनावराचं हाड घरात नगं, म्हणून मी तुला न इचारता माणगंगेत सोडला. तू एवढंच म्हणालीस, "आप्पा, माझं तीन वर्सांचं काम हुतं ते." रडली न्हाईस, जेवलीबी न्हाईस. दुसऱ्या दिशी पुण्याला गेलीस. पुढं तापाचं निमित्त झालं आन् दवाखान्यातनं तू परत आलीच न्हाईस.

तवापास्नं मेंढरं पाण्यावर सोडून मी रोज नदीचं पात्र धुंडाळतुया. आज जबडा घावला. लय जड हाय, सगळे दात शाबूत हायती. तुझ्या ओढणीत बांधून देवळीत ठेवलाय.

तू म्हणायचीस, एका दातावरनं अख्खं जनावर उभं करता येतं. पोरी, तुझ्या अस्थी मी रीतीपरमानं त्याच नदीत सोडल्या. एक दात तरी मागं ठेवायचा हुता.

तुझा,
आप्पा
म्हसवड