वाळवंटातली माझी एकट्याची जागा

१४ नोव्हेंबर, शनिवार.
सापडली. तीन हिवाळे नकाशे चाळल्याचं फळ. अ‍ॅरिझोना, हायवेपासून चार मैल आत, सरकारी जमीन, चौदा दिवस फुकट मुक्काम, आणि चिटपाखरू नाही. मोटरहोमच्या चाकांच्या खुणा अर्ध्या मैलापर्यंत झाडूने पुसून आलो. लव्हॉन म्हणाली, घरचं अंगण कधी झाडलं नाहीस. बायकोला डावपेच कळत नाहीत.
थँक्सगिव्हिंगच्या सणाला, २६ तारखेला, लेक ट्रीना नातीला घेऊन इथेच येणार. मार्चनंतर पहिल्यांदाच. लव्हॉनने सणाच्या जेवणाची टर्की आत्ताच फ्रीजरमध्ये कोंबली आहे.

१६ नोव्हेंबर, सकाळी सात.
पांढरी व्हॅन. आमच्यापासून चारशे पावलांवर. एवढं अफाट वाळवंट आणि नेमकं इथेच? दुर्बीण काढली. एक दाढीवाला कॉफी उकळतोय. नुसती कॉफी प्यायला कुणी एवढ्या लांब येत नाही.
दुपारी दोन. अजून काहीच करत नाही. संशय बळावला.

१७ नोव्हेंबर.
दाढीवाला स्वतःच आला, सरपण घेऊन. नाव लायल. म्हणतो, "दादा, दुर्बीण ठेवा खाली, डोळे दुखतील. मीच आलोय जवळ." लव्हॉन खो खो हसली, वर त्याला केकही दिला. ही जागा कॅम्पिंगच्या अ‍ॅपवर आहे म्हणे, पाचपैकी पाच तारे.
फुटलं कुठून? लव्हॉनची उलटतपासणी घेतली. ती म्हणाली, "लाँड्रीत त्या टोपीवाल्याला दीड तास कोण सांगत होतं?" मी त्याला फक्त दिशा, वळण आणि वाळलेला निवडुंग एवढंच सांगितलं होतं. तेही विश्वासात घेऊन.

१९ नोव्हेंबर.
मुक्कामाला आणखी दोन ट्रेलर आले. आता गप्प बसणं शक्य नाही. अ‍ॅपवर तीन नावांनी अभिप्राय टाकले. एक भूगर्भतज्ज्ञ (वाळू गाडी गिळते). एक निवृत्त पोलीस (गोळीबार). एक एकटी आई (पायरीवर विषारी साप, मुलं अजून झोपेत दचकतात). एकट्या आईचं वाचून मलाच भरून आलं.

२२ नोव्हेंबर.
जिंकलो. ट्रेलर गेले, लायलही गेला. नदीकाठी दहा-बारा जणांचा तळ पडलाय, तिकडे. जाताना लव्हॉनला आमंत्रण देऊन गेला. याचा हेतू काय असावा?
मात्र पायरीखाली काहीतरी सळसळतंय. अभिप्राय मीच लिहिलाय हे मान्य. पण एवढ्या तपशिलात माणसाला उगाच सुचत नाही. दिवसभर पाय खुर्चीवर घेऊन बसलो.

२४ नोव्हेंबर.
ट्रीनाचा फोन. "बाबा, तिथे साप आहेत, मी वाचलंय. पोरीला मी आणणार नाही. तुम्ही दोघंही निघा आधी." लव्हॉन माझ्याकडे बघत राहिली. मी फोनवर एवढंच म्हटलं की वाळवंटाचा काही भरवसा नसतो.
फोन ठेवल्यावर लव्हॉनने विचारलं, ही एकटी आई 'विषारी' हा शब्द अगदी तुझ्यासारखाच चुकीचा कसा लिहिते? मी म्हटलं, पुष्कळ लोक चुकतात. ती म्हणाली, "लेकीला फोन लाव आणि खरं सांग." लावणार होतो. पण खरं सांगितलं की ती मैत्रिणींना सांगणार, मैत्रिणी अ‍ॅपवर टाकणार. आठ महिने वाट पाहिली ती काय गर्दीसाठी?

२६ नोव्हेंबर, गुरुवार, सकाळी अकरा.
लव्हॉन टर्की घेऊन निघाली. लायलच्या तळावर. ट्रीना आणि नात तिथेच येताहेत. म्हणाली, तूही चल, फक्त पोरीला तुझ्या तोंडाने सांगायचं की साप नाहीत, आजोबांनी खोटं लिहिलं. मी म्हटलं, जागा कुणीतरी सांभाळायला हवी. "संध्याकाळी येशील ना?" असं विचारलं. ती म्हणाली, बघू. मोटरहोमच्या मागे बांधून आणलेली छोटी गाडी घेऊन गेली. तिच्या चाकांच्या खुणा पुसल्या नाहीत.

दुपारी चार.
चारही दिशांना दुर्बीण फिरवली. माणूस नाही, गाडी नाही, धूर नाही. अशी जागा अख्ख्या राज्यात नसेल. डबाबंद सूप गरम केलं.

साडेचार.
एक ट्रक वळणापर्यंत आला. उठून दुसरी खुर्ची उघडली, सुपाचा दुसरा डबा काढला. ड्रायव्हरने थांबून फोनमध्ये काहीतरी वाचलं आणि गाडी मागे वळवली. मी दोन्ही हात हलवत होतो. त्याला दिसलो नसेन.