पातीच्या टोकाची घागर

पुणे

भाऊ काकासाहेब, वडीगोद्री, यास थोरल्या बहिणीचे अनेक आशीर्वाद.

महिना झाला, तुझा फोन न्हाई. म्हशीची पेंड बरी ध्यानात राहती तुझ्या, बहीण तेवढी विसरतोस! म्हणून नातीला, तृप्तीला, लिहायला बसवलंय.

गुडघ्याचं ऑपरेशन बराबर झालं. पाय थोडा सुजतो, पण काळजी करू नको. रोज घरातल्या घरात चालायला सांगितलंय. पहिल्या आठवड्यात दोन पावलांत रडू यायचं. वाटलं, आता खाटच आपली.

मंग माय आठवली. खुरपायला गेलं की पाण्याची घागर ती पातीच्या, ज्याच्या त्याच्या वाट्याच्या ओळींच्या, पार त्या टोकाला ठेवायची; खुरपत तिथवर पोचल्याबिगर पाणी न्हाई. तू रडलास की आपले वडील, दादा, तुझी पात खुरपू लागायचे, पण घागर काही अलीकडं आणायचे न्हाईत. तवा लई राग यायचा.

आता मीच तृप्तीला म्हणते, माझा चहा त्या खिडकीत ठेव. काल गरम असतानाच पोचले! आईबापानं राबायला शिकवलं, ते ह्या वयात कामी येऊन राह्यलं.

तुझी कंबर कशी हाय? खरं सांग.

अक्षर तृप्तीचं, अंगठा माझा.
गोजरआक्का

ता. क. भुईमुगाच्या शेंगा पाठव. भाजून न्हाई, कच्च्याच. गॅसपर्यंत चालत जाऊन मी भाजणार हाय.