दुसऱ्या वाटेच्या पेशी

प्रिय ठेंगू,

सहा फूट वाढलास तरी माझ्यासाठी ठेंगूच, तक्रार चालणार नाही. मांडी दुखते, पण तोंड शाबूत आहे असं कळवलंस. तुझ्या बायकोनेही फोनवर त्याला दुजोरा दिला. कारखान्यात सगळ्यांना सांगत सुटला आहेस म्हणे, ताईचं औषध येतंय, आता मांडीतली ही गाठ गेलीच समजा. अरे, औषध माझ्या एकटीचं नाही. पण रुग्णांवर त्याची चाचणी होणार आहे, तीत तुला घेतील म्हणून मीही मनात मांडे खात होते.

तू विचारलं होतंस, या पेशी मरत का नाहीत. साध्या पेशीतल्या गुणसूत्रांची टोकं दर विभाजनात थोडी झिजतात. फार आखूड झाली की पेशी मुकाट्याने थांबते. कॅन्सरची पेशी मात्र महाहट्टी. बहुतेक गाठी एक एन्झाइम बनवतात आणि ते टोकं पुन्हा वाढवत राहतं. आमचं औषध त्या एन्झाइमलाच अडवतं. थोड्या गाठी मात्र त्या वाटेला जातच नाहीत. एका टोकाची नक्कल करून दुसरं लांबवतात, एन्झाइमवाचून त्यांचं काही अडत नाही.

आमच्या प्रयोगशाळेत चाचणीसाठी गाठींचे नमुने नाव झाकून, नुसत्या नंबरावर येतात. गेल्या आठवड्यात एक स्लाइड मायक्रोस्कोपखाली ठेवली आणि मोठमोठे हिरवे ठिपके लखलखले, म्हणजे नक्कल करून लांबवलेली टोकं. दुसऱ्या वाटेची गाठ, आणि इतकी स्पष्ट! असा नमुना आम्ही कधीपासून शोधत होतो. मी सगळ्यांना हाका मारून बोलावलं. साहेबांनी पाठ थोपटली, कुणीतरी चहा मागवला. दिवसभर मी हवेत होते.

काल नावं उघडली. तो नमुना तुझा होता. तुझ्या गाठीत ते एन्झाइमच नाही, म्हणजे आमच्या औषधाला अडवायला काही नाही, आणि चाचणीत तुला घेणार नाहीत. त्या दुसऱ्या वाटेवर चालणारं औषध अजून कुणाच्याच हाती नाही. ओळखीच्या प्रत्येकाला विचारलं आणि हात टेकले. सोमवारी डॉक्टर तुला बोलावतील. परक्याच्या तोंडून कळू नये म्हणून त्यांना विचारूनच हे लिहिते आहे. फोनवर तुझा आवाज ऐकला असता तर मला बोलताच आलं नसतं. मी रविवारी येते. आल्या आल्या तू विचारशील, ताई, आता काय करायचं? लहानपणापासून तू काहीही विचारलंस की मी उत्तर ठोकून द्यायचे, येत नसलं तरी. या खेपेला तेवढं विचारू नकोस रे.

तुझीच,
ताई