रस्त्याला तिरकी मशीद

अप्पा, काल विद्यापीठाच्या रस्त्यानं बसमधून जाताना तुमची मशीद दिसली. तुमची म्हणाले की घरात सगळे हसतात. हसू देत. अजून ती रस्त्याला तिरकीच उभी आहे, आणि नवखा माणूस अजून विचारतो, हे असं कामून बांधलं?

तुम्हीसुद्धा तेच विचारलं होतं. गुलबर्ग्यात विद्यापीठ नवं होतं, मी तिथं शिकत होते, आणि औरादकडचं गाव सोडून आलेल्या तुम्हाला, गवंड्याला, पहिल्यांदाच या मशिदीचं अख्खं काम स्वतःच्या हाताखाली मिळालं होतं. तुम्ही सवयीनं रस्त्याला धरून दोरी लावलीत, चुन्याची फक्की टाकलीत. संध्याकाळी मशिदीच्या कमिटीतले म्हातारे उर्दू मास्तर आले. नमाज काब्याकडं तोंड करून पढतात, रस्त्याकडं बघून न्हाई, असं शांतपणे समजावून गेले. तुम्ही घरी भाकरी मोडता मोडता कुरकुरलात, "लोक म्हणतील, मिस्त्री पिऊन आलता." पण सकाळी दोरी फिरवलीत. रस्ता आणि भिंत यांच्यामध्ये एक तीनकोनी तुकडा उरला. तिथं तुम्ही खडी टाकायचात, तिथंच डबा खायचात.

मशीद उघडली त्या दिवशी धुतलेला सदरा घालून मला घेऊन गेलात, आणि त्या तुकड्यातच थांबलात. मी आत जा म्हणाले, तर ऐकेनात. कारण मला ठाऊक होतं. धम्म घेण्याआधी गावातल्या देवळाचा सभामंडप तुम्हीच बांधला होता, आणि मूर्ती बसली त्या दिवशी तुम्हाला पायरीवरच अडवलं होतं. आता आपल्याला कुठल्या देवाच्या दारात उभं राहायची गरज उरली नव्हती. पण काम संपलं की त्या भिंतीला पुन्हा हात लावायचा न्हाई, हे तुमच्या अंगात मुरलेलं. मला राग आलेला, तोही तुमचाच.

मास्तर गर्दीतून बाहेर येतात. तुम्ही हात जोडता. "मेरा काम हो गया, साहेब."

"काम हो गया, इसीच वास्ते तो बुलारा हूँ, मिस्त्री," म्हणत ते तुमचा हात धरतात.

बराच वेळ तुम्ही आत होतात. बाहेर आल्यावर एवढंच बोललात, "आत लई गार हाय गं." पुढं कुणी मशीद तिरकी का म्हणून विचारलं, की ऐटीत सांगायचात, भिंत सरळच हाय, रस्ता तिरका हाय.

हे पत्र कुठं पाठवायचं न्हाई, म्हणून सांगते. तुम्ही आत होतात तेवढा वेळ तुमच्या चपला मी हातात धरून उभी होते. बघून तुम्ही हसलात, इथं कोण चोरायलंय म्हणालात. चोरीची भीती नव्हती, अप्पा. तुम्हाला हाकललं, तर अनवाणी निघावं लागू नये म्हणून धरल्या होत्या.