मेसर झऱ्यातील सव्वीस सॅलॅमँडर

प्रति,
मा. रस्ते अभियंता,
पायनी फोर्क जिल्हा, नॉर्थ कॅरोलिना.

विषय: मेसर झऱ्यावरील भराव पुढील वसंतापर्यंत थांबविणेबाबत.
संदर्भ: आपला दि. २१ मेचा तपासणी अहवाल ('सॅलॅमँडर: निरंक').

महोदय,

१. दि. २ मे रोजी मी झऱ्यातील एकेचाळीस दगड उचलून पाहिले व होते तसे ठेवले. त्यांखाली सॅलॅमँडर (पालीसारखे दिसणारे, ओलाव्यात राहणारे उभयचर) सव्वीस: डोळ्यापासून जबड्यापर्यंत फिकट रेघ असलेले काळपट चौदा, पाठीवर दोन रेघा असलेले पिवळे नऊ, डोळ्यापासून नाकपुडीपर्यंत रेघ असलेले नारिंगी तीन. तिन्ही जाती इथल्याच. तीन मूळ जाती आढळल्यास रस्ता वळवावा, असा आपलाच नियम आहे.

२. निरीक्षक येणार हे कळताच माझे शेजारी होबार्टकाका मेसर यांनी आदल्या दिवशी चर्चची मंडळी जमवून झरा स्वच्छ केला. पाहुणे यायचे म्हटले की आमच्याकडे थडगीसुद्धा झाडतात. कुजका पाला ओढून काढला, दगड ब्रशने घासले, साहेबांना पाणी प्यायचे म्हणून ब्लीच ओतले. एक 'झऱ्याची पाल' (सॅलॅमँडरला इथे हेच म्हणतात) असली की पाणी गोड राहते, या समजुतीने एक नारिंगी तेवढी बरणीत जपली आणि ब्लीच ओतून झाल्यावर परत सोडली. मी संध्याकाळी पोहोचले. काका म्हणाले, "एवढ्या लांबून माणूस येणार आणि त्याला चिखल दाखवायचा? शिकलीस गं पोरी, पण रीत नाही शिकलीस!"

३. निरीक्षकांनी पाणी पिऊन काकांचे कौतुक केले. दगड उचलले नाहीत. मी विचारले असता, दगड उचलल्याने अधिवासाला धक्का पोहोचतो, असे उत्तर मिळाले. त्याच अधिवासावर बारा फूट भराव घालण्यास अहवालात हरकत नोंदविलेली नाही.

४. ब्लीचने झऱ्यातले सॅलॅमँडर मेले हे मी सांगितल्यापासून काका रोज रानातला ओला पाला पोत्याने आणून झऱ्यात पसरतात आणि माझ्या दारावरून जाताना विचारतात, "पाली आल्या का गं?"

५. आज फेरतपासणी केली तरी नियमाची अट पूर्ण होणार नाही, हे मला मान्य आहे. म्हणून मी फक्त मुदत मागत आहे. वरच्या पाझरातून काही जीव खाली उतरण्याची शक्यता आहे. भराव पडल्यास तीही उरणार नाही. पुढील तपासणीत दगड उचलण्याची परवानगी असावी व तारीख कृपया गावाला कळवू नये.

आपली नम्र,
रोझेला बर्चेट
(प्राणिशास्त्र पदवीधर)
दि. ७ जून

सोबत:
(अ) दि. २ मेची छायाचित्रे.
(ब) दि. ६ जूनची मोजणी: दगड ४१. काळपट ०, नारिंगी ०, दोन रेघांचे पिल्लू १, जिवंत.