चित्र आलं का?

प्रिय बडबडे,

आधी बातमी सांगून टाकतो, म्हणजे तुझा जीव टांगणीला राहायला नको. आपल्याकडे नवा टीव्ही आलाय. हो, मीच घेतला. मोडलेल्या छत्रीच्या काड्या बदलून बदलून तुला कॉलेजपर्यंत तीच छत्री वापरायला लावणाऱ्या तुझ्या बापानेच. चांगला ऐसपैस आहे. त्याच्यासाठी बाहेरच्या खोलीतलं कपाट पॅसेजमध्ये गेलं आणि आता तिथून जाताना पोट आत घ्यावं लागतं. मला जास्त, आईला कमी. हे सगळं फोनवरही सांगता आलं असतं, पत्र कशाला, असं तुझ्या मनात आलंच असेल. सांगतो. पण मला जरा वळसा घालून यावं लागणार आहे. तू मला ओळखतेस. गिऱ्हाइकाला चष्म्याचा नंबर वाढलाय एवढंच सांगायचं असलं तरी मी आधी त्याच्या गुडघ्यांची चौकशी करतो.

सुरुवात झाली त्या पट्टीपासून. तुझ्या बातम्यांच्या खालून पट्टी सरकायला लागली की लवकरच हे चॅनल फक्त हाय डेफिनिशनमध्ये दिसेल, प्रेक्षकांनी आपला टीव्ही आणि अँटेना त्याला चालतात का ते बघून घ्यावं. मी लगेच तुला फोन लावला. म्हटलं, घरचीच बाई आत बसलीये, तिलाच विचारू. तू म्हणालीस, चालेल बाबा, आहे तोच राहू द्या, उगाच नवीन काही घेऊ नका. मी इतका खूश झालो म्हणून सांगू! हा डबा फेका, हा डबा फेका, अशी वर्षानुवर्षं माझ्यामागे भुणभुण लावणारी पोरगी शेवटी माझ्या वळणावर गेली. मी हे आईला हातांनी सांगितलं, अगदी रंगवून रंगवून. ती हसली नाही. तिने विचारलं, ती असं का म्हणाली? मी म्हटलं, अक्कल आली म्हणून.

आता आईचं. संध्याकाळच्या बातम्या म्हणजे तिच्यासाठी नुसत्या बातम्या नव्हेत, हे तुला मी सांगायला नको. मधली बाई तोंडाने वाचते ते मी ऐकतो, आणि कोपऱ्यातल्या चौकोनात उभी राहून तू तेच हातांनी सांगतेस ते आई बघते. कान लहानपणीच गेलेल्या बाईला सगळ्या जगाची हालहवाल स्वतःच्या पोरीच्या हातून कळते. त्या वेळेला खाली दुकानात कोणीही आलेलं असो, ती चष्म्याचा स्क्रू अर्धा पिळलेला तसाच टाकून वर येते. शेवटी तू हात हलवतेस तेव्हा तीही हलवते. मी चेष्टा केली तर म्हणते, पोरीला उत्तर द्यायला नको?

पण गेले काही महिने बातम्या संपल्या की तिची कुरकुर सुरू व्हायची. हिचे शब्द तोतरे येतात, म्हणायची. एकदा तर तिने मला सांगितलं की नदीवरची खुर्ची कोसळली आणि सगळी वाहतूक बंद पडली. मी हसून हसून लोळलो. पूल आणि खुर्ची, आपल्या खुणांत फरक तो केवढा, तर बोटं सरळ की वाकडी एवढाच. मी म्हटलं, बाईसाहेब, तुमचे डोळे गेले. चष्मेवाल्याची बायको आणि नंबर चुकीचा, लोक काय म्हणतील! तिला दुकानातल्या खुर्चीत बसवलं, काचा बदलून बदलून पाहिल्या. तक्त्यावरची सगळ्यात बारीक ओळ तिने जांभई देत वाचली. शिवाय तिच्याखाली कोपऱ्यात छापखान्याचं नाव असतं ना, ज्याच्याकडे इतक्या वर्षांत मीही बघितलं नव्हतं, तेही वाचून दाखवलं. डोळे ठणठणीत. म्हणजे उरला टीव्ही.

मध्येच तिची शिवणकामवाली मैत्रीण येऊन गेली. तिलाही ऐकू येत नाही, तीही तुझ्याच बातम्या बघते. ती म्हणाली, तुझ्या मुलीचा उजवा हात हल्ली आळशी झालाय, दमते की काय पोरगी? काही वाईट बोलली नव्हती बिचारी. पण आईने तिला असं फैलावर घेतलं! माझा टीव्ही जुना आहे, तुझाही जुना आहे, माझ्या पोरीच्या हाताला नावं ठेवायची नाहीत. दोघींचे हात असे चालले होते की मी मध्ये पडलो असतो तर मलाच लागलं असतं. तेव्हापासून त्यांचं बोलणं बंद आहे. शिवायला दिलेला पडदा तिकडेच अडकलाय आणि खिडकीला मी माझी जुनी चादर लावलीये.

आणि नेमकी त्याच दिवसांत तूही दिसेनाशी झालीस. दर सुट्टीला आईला व्हिडिओवर भेटणारी तू, आधी म्हणालीस कॅमेरा बिघडलाय, मग नेट नीट नाही, मग जादा ड्युटी. मला मात्र फोन येत होते. आईला सांगा मी मजेत आहे. अगं, ती काय निरोपावर भागवणारी बाई आहे? मी तुझ्यावर जाम चिडलो होतो, ते आता लिहूनच टाकतो. मला वाटलं, पोरगी टीव्हीवर गेली आणि आईशी हातांनी बोलायचा तिला कंटाळा यायला लागला. दिवसभर तेच काम, पुन्हा सुट्टीलाही तेच कशाला. आईला मी तसं म्हटलं तर ती माझ्यावरच उखडली आणि जेवायला वाढलेलं ताट तिने मला स्वयंपाकघरातून स्वतः आणायला लावलं.

मग चॅनल बदलायचा दिवस आला. मी जुन्या टीव्हीला जोडायचा एक छोटा डबा घेऊन आलो. दुकानदार म्हणाला होता, याने तुमचा आहे तो टीव्ही चालेल. चालला की! पण चित्र आता रुंद आणि आपला टीव्ही चौकोनी. एका पद्धतीने लावलं तर वर-खाली काळे पट्टे आणि तू अंगठ्याएवढी. दुसऱ्या पद्धतीने लावलं तर चित्र पडदाभर, पण दोन्ही कडा कापलेल्या. आणि तू उभी असतेस कडेलाच. तुझा डावा हात टीव्हीच्या बाहेर गेला, अर्धा चेहरा आणि उजवा हात तेवढा आत राहिला. मी म्हटलं, थांब, बदलतो. आईने मला अडवलं. सबंध बातम्या ती तो एकटा उजवा हात बघत बसली. संपल्यावर माझ्यासमोर येऊन उभी राहिली आणि म्हणाली, नवा टीव्ही घे. माझ्या चिक्कूपणावर तिने आजवर हजार विनोद केले असतील, पण असं काही मागितलं नव्हतं. मी मुकाट्याने पायात चपला घातल्या.

नव्या टीव्हीला छपरावरची जुनी अँटेना चालेल का, हा पुढचा घोळ. दुकानदार नवी गळ्यात मारायला बघत होता. मी म्हटलं, आधी आहे ती लावून बघू. शिडी लावली आणि चढलो. ओरडू नकोस, हाडं जागच्या जागी आहेत. वर गेल्यावर तुझी फार आठवण आली. वारा सुटला की अँटेना फिरायची, मग मी वर, आई टीव्हीसमोर, आणि मध्ये खिडकीत तू, कठड्याला नाक टेकेल एवढी. मी वरून ओरडायचो, आलं का? ते आईला ऐकू जायचं नाही, आणि आईचे हात मला दिसायचे नाहीत. तू आत वळून हातांनी विचारायचीस आणि बाहेर वळून ओरडायचीस, नाही आलं! मुंग्याच आहेत! इकडचं तिकडे करण्याची तुझी पहिली नोकरी तीच, आणि तीही बिनपगारी. पण तू फितूर होतीस. मी छपराच्या कडेला गेलो की तुला भीती वाटायची, आणि चित्राचा पत्ता नसताना तू बोंब ठोकायचीस, आलं, आलं, उतरा आता! मी खाली येऊन बघतो तर पडद्यावर मुंग्या आणि आई कपाळाला हात लावून बसलेली. रागावलो की म्हणायचीस, तुम्ही पडला असता ना.

या वेळी खिडकीत आई स्वतः आली. वाकून, हात उंच करून तिने खूण केली, आलं. जुनी अँटेना चालली! मी छपरावरच नाचणार होतो, पण शेजारीण बघत होती.

त्या संध्याकाळी आम्ही दोघं नव्या टीव्हीसमोर बसलो. काय चित्र होतं म्हणून सांगू! वाचणाऱ्या बाईच्या कानातला खडा खोटा आहे, हे माझ्यासारख्यालाही कळलं. आणि तू सबंध. तुझ्या बाहीचा एक धागा सुटलेला होता, तो कापून टाक. मी आईला म्हटलं, घे, आता बोलायला जागा आहे का? ती पुढे सरकून बसली. मीही बघायला लागलो. तुझ्या उजव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट उघडतच नव्हती. अंगठा मागून येत होता. मध्येच तू डाव्या हाताने उजव्याला हळूच पुढे ढकलत होतीस, आणि तेही इतक्या सफाईने की स्टुडिओतल्या ऐकणाऱ्या लोकांना जन्मात कळणार नाही. मला कळलं, खुणांत इतका ढ असून. बातम्या संपल्या आणि तू हात हलवलास, तो डावा. आईने उत्तर दिलं. मग टीव्ही बंद केला, माझ्याकडे वळली आणि म्हणाली, टीव्ही चांगला आहे.

एवढंच म्हणाली. अगं, ती इतके महिने त्या जुन्या खोक्यात दोष निघावा म्हणून धडपडत होती. डोळ्यांत निघाला असता तरी तिला चाललं असतं. ती मैत्रिणीशी भांडली, माझ्याशी भांडली, आणि मी आपला पूल आणि खुर्ची करत हसत होतो.

त्यानंतर दुकानात एक नवाच प्रकार सुरू झाला. ते तिळाएवढे स्क्रू बसवण्यात आईचा हात धरणारं कोणी नाही, हे गिऱ्हाइकंही सांगतील. ती ते पाडायला लागली. डाव्या हाताने काम करायची, स्क्रू जमिनीवर, आणि मी काउंटरखाली रांगतोय. घरातही माझ्याशी बोलताना ती उजवा हात मांडीखाली दाबून बसायची आणि डाव्याने काहीतरी म्हणायची, त्यातलं मला निम्मं कळायचं नाही. मी घाबरलो, हिचाही हात गेला की काय. काल शेवटी भडकून विचारलं, उजव्याला काय झालंय ते सांग, नाहीतर आत्ताच्या आत्ता डॉक्टरकडे चल. तिने डाव्या हातानेच सांगितलं, सावकाश, मला कळेपर्यंत पुन्हा पुन्हा. मला काही झालेलं नाही. एका हाताने सगळं बोलता येतं का ते बघतेय. येतं. तिला शिकवायचंय.

म्हणून हे पत्र, बडबडे. आईनेच मला लिहायला बसवलंय, आणि शेजारी बसून मी काही गाळत नाही ना ते बघतेय. फोनवर तू मजेत आहे म्हणतेस आणि आवाजात काही हात दिसत नाही. डॉक्टरला दाखवलं असशील तर ते काय म्हणाले ते सांग, दाखवलं नसशील तर तसं सांग, आम्ही येतो, तिघं मिळून जाऊ. नोकरीचं जे व्हायचं ते होईल. पण उत्तर मला देऊ नकोस, आईला दे, व्हिडिओवर, ज्या हाताने जमेल त्या हाताने. तू अडखळलीस तरी तिला कळेल, एवढी तयारी तिने करून ठेवलीये. मला भीती वाटतेय पोरी, खोटं कशाला बोलू. पण तेव्हासारखं आलं, आलं म्हणून मला खाली उतरवू नकोस. मी काही पडत नाही. चित्र आलेलं नसेल तर नाही आलं म्हण. मी वरच उभा आहे.

तुझाच,
छपरावरचा बाबा