तुझे साडेचार तास

प्रकाशा, ता. शहादा
१२ नोव्हेंबर २०२५

आमशा,

रामराम. आशीर्वाद लिहायला हात धजला नाही. इकडे सगळे ठीक. पपई यंदा बरी लागली, माझ्या गुडघ्यांनी मात्र संप केलाय. आमची म्हातारी, गजराबाई, तुझी आठवण काढते. तुझ्या जीपमध्ये बसली की सगळ्यांना शेंगा वाटायची, विसरला नसशील.

स्वप्नाली, माझ्या चारुलताची लेक, तेरा वर्षांची झाली. गणितात आईवर गेलीय. मी चौथी शिकलेला, बाकीचं जुन्या पुस्तकांतून आपलं आपण गिरवलेलं. तरी हौसेने तिच्या वहीत डोकावतो. गेल्या रविवारी तिला उदाहरण होतं: गाडी जाताना ताशी चाळीस, त्याच वाटेने येताना ताशी वीस, तर सरासरी वेग किती? मी बसल्या जागेवरून म्हटलं, "तीस! त्यात काय?"

ती हसली. "आजोबा, बेरीज करून निम्मं नाही करायचं. हळू चालते तेव्हा गाडीला वेळ जास्त लागतो ना!" तिने अंतर क्ष धरलं. जायला क्ष भागिले चाळीस, यायला क्ष भागिले वीस. दोन क्षला त्या सगळ्या वेळेने भागलं, क्ष उडाला. उत्तर सव्वीस पूर्णांक दोन तृतीयांश.

मी विचारलं, जाऊन येऊन एकशेवीस किलोमीटर असेल तर?

"साडेचार तास."

चहा हातात तसाच निवला.

तिच्या जन्माच्या दिवशी वर डोंगरातल्या दवाखान्यात चारुलताला रक्त हवं होतं. तू बाराला घाट उतरायला निघालास, रक्ताची बाटली घेऊन साडेचारला आलास. चारुलता सव्वाचारला गेली होती. तूच भाबडेपणाने सांगितलंस, उतारावर चाळीसने गेलो, बाटली दारातच तयार मिळाली, चढावर काटा वीसच्या वर जाईना. मी दवाखान्याच्या ओट्यावर सगळ्यांदेखत बोटांवर मोजलं: सरासरी तीस, एकशेवीसला चार तास. "अर्धा तास कोठे बठेल व्हता रे तू?"

"बापू, कुठंच नाही थांबलो. पाणीपण नाही पिलो."

"मंग मन्हा हिशोब खोटा शे का?"

कोण बोलणार? माझ्याकडून शेताची मोजणी करून घेणारीच माणसं ती. जीपमालक इंद्रसिंगने तिथेच तुझ्याकडून चावी घेतली. मी 'राहू दे' एवढंही म्हटलं नाही. खरं सांगू? त्या वेळी मला कोणीतरी हवाच होता.

परवा वही घेऊन तुझ्या पाड्यावर गेलो. तू गुजरातेत ऊसतोडीला. दोन होळ्या झाल्या, घरी आला नाहीस. तुझ्या घरवालीला, तुळशीबाईला, सगळं मांडून दाखवलं. तिने शेवटपर्यंत ऐकलं.

"आता काय, बापू? पहिली दोन वर्षं भांडायचे, नाही थांबलो म्हणायचे. मग म्हणायला लागले, बापू शिकलेले, थांबलो असेन कुठंतरी, मलाच आठवत नाही. ताई माझ्यामुळे गेली. तेव्हापासून गाडीला हात नाही लावत."

वही मिटून खाली उतरलो.

स्वप्नालीला अजून सांगितलेलं नाही, ते उदाहरण कोणाचं.

हे पत्र तुळशीबाईकडे ठेवतोय. आलास तर शाळेतल्या कोणाकडून वाचून घे. मला आता एकोणऐंशीवं चालू आहे. माफी मागत नाही. ती देणारा आमशा मीच शिल्लक ठेवला नाही.

ज्याच्या शब्दावर तू स्वतःला खोटं मानलंस, तो
छगन